कंट्रोल प्लेन वेगळा, अ‍ॅप वेगळं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लस्टर, म्हणजे एकत्र चालणाऱ्या सर्व्हरचा गट, सांभाळणारी मंडळी मला गेली काही वर्षं तेच तेच प्रश्न पाठवतायत: क्लस्टरचा कारभार चालवणारा भाग (कंट्रोल प्लेन) आणि त्यावर चालणारी अ‍ॅप वेगळी का आणि कशी ठेवायची? दर वेळी नव्याने उत्तर लिहिण्यापेक्षा एकदाच सगळं नीट मांडून ठेवतोय. बहुतेक उदाहरणं कुबरनेटिसची (अनेक सर्व्हरवर कंटेनर चालवणारी प्रणाली) आहेत कारण प्रश्न त्याचेच येतात, बाकीच्यांसाठी प्रश्न १५ आहे. त्यात सर्व्हरला नोड म्हणतात, एकत्र चालणाऱ्या कंटेनरच्या गटाला पॉड, आणि क्लस्टरमधल्या नावापुरत्या कप्प्याला नेमस्पेस. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल असं लिहिलंय, जिथे एकाचा दुसऱ्याशी संबंध येतो तिथे नंबर दिलाय.

१. मॅनेजमेंट कंपोनंट म्हणजे नक्की काय काय धरायचं?

एपीआय सर्व्हर (सगळे आदेश इथूनच जातात), एटसीडी (क्लस्टरची सगळी माहिती ठेवणारा डेटाबेस), शेड्युलर (कुठला पॉड कुठल्या नोडवर ते ठरवणारा) आणि कंट्रोलर मॅनेजर (ठरलेली स्थिती टिकवणारा) हे तर सगळेच धरतात. पण त्याखाली अजून एक थर असतो जो विसरला जातो, म्हणजे कोअरडीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारा), नेटवर्क प्लगइन, इनग्रेस कंट्रोलर (बाहेरचं ट्रॅफिक आत घेणारा), वेबहुक (बदल मान्य करण्याआधी एपीआय सर्व्हर ज्याला विचारतो तो), वेगवेगळे ऑपरेटर (एखादं सॉफ्टवेअर आपोआप सांभाळणारे प्रोग्राम), आणि त्याच्याही खाली मॉनिटरिंग आणि लॉग गोळा करणारे एजंट. मी दोन प्रश्न विचारतो: हा पॉड पडला तर दुसऱ्या कुठल्या टीमचं काम थांबेल का? आणि क्लस्टर बिघडला तर दुरुस्त करताना मला हा लागेल का? एकाचंही उत्तर हो असेल तर तो मॅनेजमेंटचा, मग तो कुठल्याही नेमस्पेसमध्ये असो.

२. कंट्रोल प्लेनचे सर्व्हर अर्धे रिकामेच असतात, मग तिथे अ‍ॅप चालवलं तर बिघडतं कुठे?

रिकामे दिसतात ते सीपीयूच्या आलेखावर. एटसीडीला सीपीयू फार लागत नाही, त्याला लागते डिस्क, आणि ती पण ताबडतोब लागते. प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहून डिस्कवर पक्का केल्याशिवाय तो पुढे जात नाही, आणि हे पक्कं करायला लागणारा वेळ ९९ टक्के वेळा १० मिलिसेकंदांच्या आत असावा असं सांगितलं जातं. एटसीडीच्या कॉपींपैकी, म्हणजे मेंबरपैकी, एक लीडर असतो. तो 'मी जिवंत आहे' असं कळवतो तो हार्टबीट डीफॉल्टने १०० मिलिसेकंदांचा, आणि तो आला नाही तर किती थांबून नवी निवडणूक लावायची तो इलेक्शन टाइमआउट १००० मिलिसेकंदांचा. आता त्याच डिस्कवर एखादं अ‍ॅप दणादण लॉग लिहायला लागलं की एटसीडीचं लिहिणं रांगेत अडकतं, लीडरचा हार्टबीट उशिरा पोचतो, बाकीचे मेंबर समजतात लीडर गेला आणि नवी निवडणूक लावतात, ती संपते न संपते तोवर परत तेच.

मी हे स्वतः भोगलंय. एका ठिकाणी रात्री चालणारा एक बॅच जॉब कंट्रोल प्लेनच्या नोडवर जाऊन बसला आणि तात्पुरत्या फाइल्सनी डिस्क भरत गेला, थोड्या वेळाने क्युबसीटीएल (क्लस्टरला आदेश द्यायची कमांड) उत्तरच देईना. जॉब कुठला ते आम्हाला माहीत होतं, पण तो मारायचा तर एपीआय सर्व्हर लागतो आणि नेमका तोच जायबंदी. शेवटी सर्व्हरवर थेट लॉगिन करून प्रोसेस हाताने मारावी लागली. तेव्हापासून मी हा विषय असाच बघतो, की ज्या हत्याराने आग विझवायची ते हत्यार त्याच खोलीत ठेवायचं नाही.

एक दिलासा म्हणजे कंट्रोल प्लेन पडला तरी चालू असलेले पॉड लगेच मरत नाहीत, ते चालत राहतात. फक्त नवीन काही सुरू होत नाही, नोड मेला तर त्यावरचे पॉड दुसरीकडे उभे राहत नाहीत, सर्व्हिसच्या मागचे पत्ते अपडेट होत नाहीत. म्हणून बऱ्याच जणांना बिघाड उशिरा कळतो.

३. माझ्या क्लस्टरमध्ये हे आधीपासून वेगळं आहे का, कसं बघू?

क्युबसीटीएलने नोडचं डिस्क्राइब करा आणि टेंटची ओळ वाचा. टेंट म्हणजे नोडवर लावलेली 'इथे येऊ नका' अशी पाटी. क्लस्टर क्युबएडीएमने (क्लस्टर उभा करायचं साधन) उभा केला असेल तर कंट्रोल प्लेनच्या नोडवर नो-शेड्यूलचा टेंट आपोआप असतो. के-थ्री-एस (कुबरनेटिसची हलकी आवृत्ती) मध्ये नसतो, तिथे सर्व्हर नोडवर अ‍ॅपचे पॉड बिनदिक्कत येतात, आणि छोट्या सेटअपला ते सोयीचं पडतं म्हणूनच तसं ठेवलंय. पण तोच सेटअप वाढत वाढत प्रॉडक्शन झाला की कोणाला आठवत नाही की पाटी कधी लावलीच नव्हती.

४. टेंट लावला, टॉलरेशन दिलं, तरी माझे इनग्रेसचे पॉड इन्फ्रा नोडवर (सामायिक कामांसाठी राखलेले नोड, प्रश्न १०) न जाता भलतीकडेच जातायत, असं का?

कारण टॉलरेशन म्हणजे परवानगी, बोलावणं नाही. टेंटमुळे बाकीचे लांब राहतात, टॉलरेशनमुळे तुमच्या पॉडला तिथे जायची मुभा मिळते, पण शेड्युलरला दुसरा रिकामा नोड दिसला तर तो तिकडेच पाठवणार. पॉड तिथेच जावा असं वाटत असेल तर नोडला लेबल लावा आणि पॉडमध्ये नोड सिलेक्टर किंवा अ‍ॅफिनिटी द्या. दोन्ही लागतात. नुसतं लेबल लावलं तर तुमचे पॉड बरोबर जातील पण बाकीचेही घुसतील, नुसता टेंट लावला तर परके येणार नाहीत पण तुमचेही येतीलच असं नाही. सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आहे.

५. नो-शेड्यूल, प्रेफर-नो-शेड्यूल आणि नो-एक्झिक्यूट, यातला कुठला लावू?

नव्याण्णव टक्के वेळा नो-शेड्यूल. प्रेफर वाला ही नुसती विनंती आहे, जागा कमी पडली की शेड्युलर ती मोडतो, म्हणजे नेमक्या गर्दीच्या वेळी तुमची भिंत गायब. नो-एक्झिक्यूट मात्र आधीपासून चालू असलेल्या पॉडनाही हाकलतो, म्हणून विचार करून वापरा. काही नेटवर्क प्लगइनच्या डेमनसेटमध्ये (प्रत्येक नोडवर एकेक पॉड चालवणारी व्यवस्था) फक्त नो-शेड्यूलचं टॉलरेशन असतं, तिथे नो-एक्झिक्यूट लावला की प्लगइनच नोडवरून निघून जातो आणि मग त्या नोडवरच्या पॉडचं नेटवर्क सांभाळायला कोणी उरत नाही. आधी डेमनसेट तपासा, मग लावा.

६. टेंट दिसतोय तरी एक अ‍ॅपचा पॉड कंट्रोल प्लेनवर बसलाय, तो आला कुठून?

मी ज्या क्रमाने तपासतो त्याच क्रमाने सांगतो. पहिलं, तो टेंटच्या आधीपासूनच तिथे होता का, कारण नो-शेड्यूल जुन्यांना हात लावत नाही. दुसरं, त्याच्या टॉलरेशनमध्ये 'की' (टेंटचं नाव) रिकामी आणि 'ऑपरेटर' एक्झिस्ट्स असं आहे का, म्हणजे जगातल्या सगळ्या टेंटना चालेल असं लिहिलेलं. चार्ट (तयार इन्स्टॉल पॅकेज) कुठून तरी उचलला की हे हमखास सोबत येतं, प्रश्न २ मधला जॉब असाच पोचला होता. तिसरं, पॉडमध्ये थेट नोड नेम लिहिलंय का, कारण तसं असेल तर शेड्युलर मध्ये येतच नाही आणि नो-शेड्यूल कोणी विचारतच नाही, नो-एक्झिक्यूट मात्र तिथेही लागू पडतो. चौथं, तो स्टॅटिक पॉड आहे का, म्हणजे कोणीतरी नोडवरच्या मॅनिफेस्ट फोल्डरमध्ये फाइल टाकून ठेवली आणि क्युबलेटने (प्रत्येक नोडवर पॉड चालवणारा एजंट) ती सुरू केली.

अजून एक जुनं दुखणं आहे. कंट्रोल प्लेनच्या टेंटमध्ये आधी मास्टर हा शब्द होता. क्युबएडीएमने १.२४ मध्ये जुना आणि नवा असे दोन्ही टेंट लावले आणि १.२५ पासून फक्त कंट्रोल-प्लेन हाच ठेवला, मास्टरचं लेबल तर १.२४ मध्येच गेलं. त्यामुळे जुन्या नावाचं टॉलरेशन किंवा नोड सिलेक्टर असलेले पॉड अपग्रेडनंतर पेंडिंगमध्ये अडकतात. जुन्या यामल फाइल्समध्ये हा शब्द एकदा शोधून बघाच.

७. मग कोणीही टॉलरेशन लिहून आत येऊ शकतो? हे थांबवायचं कसं?

हो, येऊ शकतो. टेंट ही पाटी आहे, कुलूप नाही. कुलूप अ‍ॅडमिशनच्या पातळीवर लागतं, म्हणजे एपीआय सर्व्हर विनंती मान्य करण्याआधी ती तपासतो तिथे. पॉड-टॉलरेशन-रिस्ट्रिक्शन नावाचा अ‍ॅडमिशन प्लगइन आहे, त्यात कुठल्या नेमस्पेसला कुठली टॉलरेशन चालतील ते ठरवता येतं, आणि पॉड-नोड-सिलेक्टर वापरून नेमस्पेसवर नोड सिलेक्टर लादता येतो. दोन्ही डीफॉल्टने बंद असतात. मॅनेज्ड क्लस्टरमध्ये अ‍ॅडमिशन प्लगइन आपल्या हातात नसतात, तिथे व्हॅलिडेटिंग अ‍ॅडमिशन पॉलिसी वापरा, ती १.३० मध्ये स्टेबल झाली. मी लिहितो तो नियम एका ओळीचा असतो: सिस्टिम नेमस्पेस सोडून कुठल्याही पॉडमध्ये रिकाम्या कीचं किंवा कंट्रोल-प्लेनचं टॉलरेशन असेल तर नाकारा. पहिल्या दिवशी नुसती वॉर्निंग द्या म्हणजे कोण कोण घुसतंय ते कळेल, नकार नंतर.

८. लॉग आणि मॉनिटरिंगचे डेमनसेट कंट्रोल प्लेनवर दिसत नाहीत, ते आपोआप जात नाहीत का?

नाही. डेमनसेटला काही टॉलरेशन आपोआप मिळतात, म्हणजे नोड नॉट-रेडी असणं, मेमरी किंवा डिस्कचं प्रेशर, कॉर्डन केलेला (नवे पॉड घेणं बंद केलेला) नोड वगैरे. कंट्रोल-प्लेनच्या टेंटचं मात्र मिळत नाही, ते हाताने लिहावं लागतं. ते नक्की लिहा, नाहीतर ज्या नोडचे लॉग सगळ्यात जास्त लागणार तेच गोळा होत नाहीत. फक्त नेमकं त्याच टेंटचं लिहा, सरसकट नको, आणि मेमरीची लिमिट द्या.

९. आमच्याकडे तीनच सर्व्हर आहेत, वेगळं ठेवायला जागाच नाही, काय करू?

मग टेंट काढा आणि बाकीच्या भिंती बांधा, यात कमीपणा काही नाही. ओपनशिफ्टमध्येही (रेड हॅटचं कुबरनेटिस) तीन नोडचा क्लस्टर अधिकृतपणे चालतो, त्यात मास्टर, म्हणजे कंट्रोल प्लेनचे नोड, शेड्युलेबल ठेवतात.

सगळ्यात आधी एटसीडीला स्वतःची वेगळी डिस्क द्या. पार्टिशन नाही, खरोखर वेगळी डिस्क, कारण पार्टिशन केलं तरी लिहिण्याची रांग एकच राहते. एकच गोष्ट करण्याइतकं बजेट असेल तर हीच करा. मग क्युबलेटमध्ये क्युब-रिझर्व्ह्ड आणि सिस्टिम-रिझर्व्ह्ड भरा, म्हणजे शेड्युलर नोडची सगळी मेमरी अ‍ॅपला वाटून टाकणार नाही. क्युबलेटची डीफॉल्ट इव्हिक्शन (पॉड हाकलायला सुरुवात करायची) मर्यादा फक्त १०० मेबीबाइट मोकळ्या मेमरीची असते, ज्या नोडवर एपीआय सर्व्हर आहे तिथे ती फार उशिरा जागी होते, वाढवा. प्रत्येक अ‍ॅप नेमस्पेसला कोटा आणि लिमिट रेंज लावा, तात्पुरत्या स्टोरेजची लिमिट धरून, कारण डिस्क भरते ती बहुधा तिथूनच. क्युबएडीएमचे स्टॅटिक पॉड सिस्टिम-नोड-क्रिटिकल प्रायॉरिटीने चालतात त्यामुळे इव्हिक्शनमध्ये ते शेवटी असतात, पण संथ डिस्कपासून प्रायॉरिटी कोणाला वाचवत नाही.

आणि एक अडचण जी सापडायला लोकांचे दिवसच्या दिवस जातात: टेंट काढला, पॉड आले, पण बाहेरच्या लोड बॅलन्सरमधून ट्रॅफिकच येत नाही. क्युबएडीएम कंट्रोल प्लेनच्या नोडवर टेंटशिवाय एक लेबलही लावतं, बाहेरच्या लोड बॅलन्सरमधून मला वगळा अशा अर्थाचं, नावात एक्सक्लूड-फ्रॉम-एक्सटर्नल-लोड-बॅलन्सर्स असं असतं. तेही काढा. मेटल-एलबी (स्वतःच्या सर्व्हरवर लोड बॅलन्सर देणारं साधन) वाल्यांना हे हमखास नडतं.

दोनच सर्व्हर असतील तर एटसीडीचे दोन मेंबर करू नका. दोनमध्ये एक पडला तरी बहुमत जातं, म्हणजे एकापेक्षा दोन जास्त धोक्याचे. तीनमध्ये एक पडलेला चालतो, पाचमध्ये दोन.

१०. इन्फ्रा नोड वेगळे ठेवायची खरंच गरज आहे का, का फक्त कंट्रोल प्लेन वेगळा पुरे?

क्लस्टर लहान असेल तर पुरे. मोठा झाला की इनग्रेस, रजिस्ट्री (कंटेनर इमेजचं कोठार), प्रोमेथियस (मॉनिटरिंगचे आकडे साठवणारा) हे सगळं ना कंट्रोल प्लेनवर शोभतं ना अ‍ॅपच्या शेजारी. प्रोमेथियसची मेमरी मेट्रिक्सच्या सीरिज वाढल्या की एकदम फुगते, तो एटसीडीच्या शेजारी नको. आणि अ‍ॅपच्या शेजारी ठेवला तर नोडची मेमरी संपते तेव्हा तोच आधी मरतो, म्हणजे बिघाडाच्या क्षणी आपणच आंधळे. म्हणून तिसरा गट, दोन-तीन नोडचा.

ऑटोस्केलर (गरजेप्रमाणे नोड वाढवणारा-कमी करणारा) वापरणाऱ्यांसाठी अजून एक कारण आहे. क्लस्टर ऑटोस्केलर डीफॉल्टने असा नोड बंद करत नाही ज्यावर क्युब-सिस्टिम नेमस्पेसमधला, डेमनसेटचा नसलेला आणि पॉड डिसरप्शन बजेट (किमान किती कॉपी चालू राहिल्या पाहिजेत हा नियम) नसलेला पॉड बसलाय. सिस्टिमचे पॉड सगळीकडे विखुरले की रिकामे नोड रात्रभर चालूच राहतात आणि बिल वाढतं. ओपनशिफ्टमध्ये तर नुसत्या इन्फ्रा कामाचे नोड सबस्क्रिप्शनमध्ये मोजले जात नाहीत.

११. आम्ही मॅनेज्ड सर्व्हिस वापरतो, कंट्रोल प्लेन त्यांच्याकडेच असतो, मग हे सगळं आम्हाला लागूच नाही ना?

अर्धं लागू आहे. एपीआय सर्व्हर आणि एटसीडी त्यांच्याकडे, पण प्रश्न १ मधला दुसरा थर बराचसा तुमच्याच नोडवर चालतो. कोअरडीएनएसचे पॉड एखाद्या मेमरी खाणाऱ्या अ‍ॅपच्या शेजारी बसले आणि नोड कोसळला तर सगळ्या सर्व्हिसेसची नावं शोधणं अडखळतं, आणि लोक समजतात नेटवर्क गेलं. एकेएस (मायक्रोसॉफ्टची मॅनेज्ड कुबरनेटिस सर्व्हिस) मध्ये यासाठी सिस्टिम नोड पूल असतो, त्याला क्रिटिकल-अ‍ॅडऑन्स-ओन्ली चा टेंट लावला की अ‍ॅप तिकडे जात नाहीत. बाकी ठिकाणी तसाच एक छोटा पूल स्वतः करा, नियम प्रश्न ४ चाच.

१२. एकच मोठा सर्व्हर आहे, त्यात काही कोअर सिस्टिमला आणि बाकीचे अ‍ॅपला असं वाटता येतं का?

येतं, आणि दूरसंचारच्या एज साइटवर हेच करतात. क्युबलेटमध्ये रिझर्व्ह्ड सीपीयूची यादी द्यायची आणि सीपीयू मॅनेजरची पॉलिसी स्टॅटिक करायची. मग गॅरंटीड वर्गातला (मागणी आणि लिमिट सारखीच असलेला), पूर्णांकात सीपीयू मागणारा कंटेनर स्वतःचे कोअर घेऊन बसतो आणि रिझर्व्ह्ड कोअर त्याला मिळत नाहीत.

इथे फसगत अशी की बर्स्टेबल आणि बेस्ट-एफर्ट, म्हणजे बाकीच्या दोन वर्गांतले, पॉड डीफॉल्टने त्या रिझर्व्ह्ड कोअरवरही चालू शकतात. म्हणजे आपण समजतो सिस्टिमला दोन कोअर राखून ठेवले, आणि प्रत्यक्षात त्यावर गर्दी. १.३२ मध्ये यासाठी स्ट्रिक्ट-सीपीयू-रिझर्व्हेशन हा पर्याय अल्फा म्हणून आला, तो चालू केला की तेही बंद होतं. चालू नोडवर पॉलिसी बदलायची तर नोड ड्रेन करा (पॉड बाहेर काढून रिकामा करा), क्युबलेट थांबवा, सीपीयू मॅनेजरची जुनी स्टेट फाइल काढा आणि मग सुरू करा, नाहीतर क्युबलेट उठतच नाही.

ओपनशिफ्टमध्ये वर्कलोड पार्टिशनिंग नावाने हे तयार मिळतं, त्यात प्लॅटफॉर्मचे स्वतःचे पॉडही राखीव कोअरमध्ये बांधले जातात. पण ते फक्त इन्स्टॉल करतानाच चालू करता येतं आणि नंतर बंद करता येत नाही, तेव्हा आधीच ठरवा.

१३. नोड पूर्ण वेगळे केले तरी एपीआय सर्व्हर गुदमरतो, आता अजून काय वेगळं करायचं?

नोड वेगळे केले, पण एपीआय सर्व्हर तर सगळ्यांचा एकच आहे ना. एखादा ऑपरेटर चुकून लूपमध्ये अडकून सगळ्या पॉडची यादी सेकंदाला दहा वेळा मागायला लागला तर तो कुठल्या नोडवर चालतोय याने काही फरक पडत नाही. इथे एपीआय प्रायॉरिटी अँड फेअरनेस कामाला येतं, ते १.२९ मध्ये स्टेबल झालं. फ्लो स्कीमा लिहून त्या ऑपरेटरच्या सर्व्हिस अकाउंटला खालच्या प्रायॉरिटीच्या रांगेत टाका, म्हणजे नोडचे आणि अ‍ॅडमिनचे कॉल त्याच्यामागे थांबत नाहीत.

एटसीडीची जागाही सगळ्यांची एकच. डीफॉल्ट मर्यादा २ जीबी, ८ जीबीच्या वर नेऊ नका असं सांगतात. मर्यादा भरली की एटसीडी अलार्म लावतं आणि नवीन काही लिहून घेत नाही. ऑब्जेक्टची संख्या नेमस्पेसप्रमाणे कोट्यात बांधा. इव्हेंट फार असतील तर त्यांच्यासाठी वेगळा एटसीडी देता येतो, एपीआय सर्व्हरला तसा फ्लॅग आहे.

वेबहुक हे याच वर्गातलं दुसरं छुपं बंधन. वेबहुकचा पॉड अ‍ॅपच्या नोडवर, फेल्युअर पॉलिसी फेल (वेबहुकचं उत्तर आलं नाही तर विनंती नाकारा), आणि तो नोड गेला. आता नवीन पॉड बनवायला वेबहुकची परवानगी लागते, आणि वेबहुकचा स्वतःचा नवीन पॉडही त्याच परवानगीसाठी अडून बसतो. म्हणून क्युब-सिस्टिम आणि वेबहुकचं स्वतःचं नेमस्पेस नेमस्पेस-सिलेक्टरने वगळा, किमान दोन कॉपी वेगवेगळ्या नोडवर ठेवा.

१४. चालू प्रॉडक्शन क्लस्टरमध्ये हा बदल कसा करू, डाउनटाइम न घेता?

क्रम चुकवू नका, बाकी अवघड नाही. आधी सिस्टिमच्या डिप्लॉयमेंट आणि डेमनसेटमध्ये टॉलरेशन घाला, टेंट अजून नसला तरी टॉलरेशनने काही बिघडत नाही. मग नोडना लेबल, मग अ‍ॅफिनिटी, मग नो-शेड्यूल टेंट. एवढ्यावर कुठलाच अ‍ॅपचा पॉड हललेला नसतो. त्यानंतर एकेक नोड ड्रेन करून जुने पॉड बाहेर काढा आणि नोड परत अनकॉर्डन करा. त्याआधी पॉड डिसरप्शन बजेट बघा, एकाच कॉपीच्या अ‍ॅपला किमान एक असं बजेट लिहिलं असेल तर ड्रेन तिथेच अडकून बसतं. चुकलं तर टेंट काढायला तीच कमांड, शेवटी वजाचं चिन्ह.

१५. आमच्याकडे कुबरनेटिस नाही, स्वॉर्म किंवा नोमॅड किंवा इलास्टिकसर्च आहे, तिथे?

डॉकर स्वॉर्ममध्ये मॅनेजर डीफॉल्टने कामंही घेतो, त्याची अव्हेलेबिलिटी ड्रेन करा. पण हाताने डॉकर रनने सुरू केलेले कंटेनर त्याने हलत नाहीत. नोमॅडमध्ये सर्व्हर आणि क्लायंट हे दोन वेगळे मोड आहेत, प्रॉडक्शनमध्ये एकाच मशीनवर दोन्ही चालवू नका. इलास्टिकसर्चमध्ये फक्त मास्टर रोल असलेले तीन नोड ठेवा, म्हणजे जड क्वेरीमुळे डेटा नोडचं गार्बेज कलेक्शन लांबलं तरी क्लस्टरचा मास्टर हलत नाही.

१६. वेगळं ठेवलं तर सिक्युरिटी पण मिळाली असं समजू का?

थोडी मिळाली, पण त्यावर विसंबू नका. क्युबएडीएमच्या कंट्रोल प्लेन नोडवर क्लस्टरच्या सीएची (सगळी सर्टिफिकेट ज्याच्या सहीने चालतात तो) खाजगी की आणि अ‍ॅडमिनची कॉन्फिग फाइल डिस्कवर पडलेली असते. तिथे पोचलेल्या पॉडला होस्ट-पाथ (नोडच्या डिस्कवरचं फोल्डर) माउंट करता आलं की पूर्ण क्लस्टर गेला. म्हणून प्रश्न ७ मधलं कुलूप, आणि अ‍ॅपच्या नेमस्पेसवर पॉड सिक्युरिटीची निदान बेसलाइन पातळी, ती होस्ट-पाथ अडवते. नोड-रिस्ट्रिक्शन हा प्लगइन चालू आहे ना ते बघा, आणि गट पाडायची लेबलं नोड-रिस्ट्रिक्शनच्या प्रीफिक्सनेच लावा, मग एखादा नोड कोणाच्या ताब्यात गेला तरी त्याचा क्युबलेट स्वतःला ती लेबलं लावून संवेदनशील पॉड ओढून घेऊ शकत नाही. एटसीडीचे २३७९ आणि २३८० पोर्ट वर्कर नोडवरून उघडे नकोत, हे फायरवॉलमध्येच बंद करा. होस्ट नेटवर्क वापरणाऱ्या पॉडवर नेटवर्क पॉलिसी बहुतेक ठिकाणी लागत नाही.

१७. सगळं केलं, पण खरंच वेगळं झालंय हे तपासू कसं?

मोडून बघा, अर्थात टेस्ट क्लस्टरमध्ये. एका वर्कर नोडवर मुद्दाम मेमरी खाणारा पॉड सोडा, दुसऱ्यावर डिस्क भरणारा, तिसरा पॉड एपीआय सर्व्हरला सारखी यादी मागणारा. तिन्ही चालू असताना एटसीडीचा डब्ल्यूएएल एफसिंकचा (लॉग डिस्कवर पक्का करायला लागणाऱ्या वेळेचा, प्रश्न २) आलेख, लीडर किती वेळा बदलला तो आकडा आणि एपीआय सर्व्हरचा प्रतिसादाचा वेळ बघत बसा. आलेख हलले तर कुठली गोष्ट अजून सामायिक आहे ते कळतं: तिसऱ्या पॉडने हलले तर प्रश्न १३, डिस्कवाल्याने हलले तर तुमचे नोड वेगळे असले तरी खालचं स्टोरेज एकच आहे. व्हर्च्युअल मशीनवर क्लस्टर चालवणाऱ्यांना हे फार वेळा सापडतं, तिन्ही कंट्रोल प्लेन मशीन आणि सगळे वर्कर एकाच डेटास्टोअरवर, कधीकधी तर तिन्ही कंट्रोल प्लेन एकाच फिजिकल होस्टवर. तिथे हायपरव्हायझरमध्ये अँटी-अ‍ॅफिनिटीचा नियम लावून तिन्ही मशीन वेगळ्या होस्टवर न्या, एटसीडीच्या डिस्क वेगळ्या डेटास्टोअरवर हलवा आणि तीच टेस्ट परत चालवा.